चित्रशंका : थर चढवावेत किती, खरवडावेत किती?

नाशिकमध्ये चित्रकला म्हटली की डोळ्यांसमोर प्रथम येतो तो जलरंगातला गोदाघाट. सकाळच्या उन्हात पायऱ्यांवर बसून, मांडीवर बोर्ड घेऊन दोन तासांत चित्र पुरे करायचे, ही इथल्या अनेक पिढ्यांची सवय आहे. त्यामुळे मागील अंकात ॲक्रिलिकमधील अमूर्त चित्रांविषयी दोनच ओळी लिहिल्या असताना या महिन्यातील निम्म्याहून अधिक पत्रे त्याच विषयावर यावीत, याचे सुखद आश्चर्य वाटले. सर्व पत्रांना उत्तरे देणे जागेअभावी शक्य नाही. ज्या शंका बहुतेकांच्या आहेत, त्या येथे घेतल्या आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचे मूळ त्यात आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी वीस-बावीस वर्षे जलरंगात निसर्गचित्रे काढते. रामकुंड, नारोशंकराचे मंदिर, गंगापूर धरणाचा जलाशय हे माझे नेहमीचे विषय. आता थर आणि पोत असलेले अमूर्त चित्र करावे असे मनाने घेतले. दोन फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास आणला, बारा ट्यूबांचा संच आणला आणि एका रविवारी सगळे रंग सुरीने भरपूर लावले. संध्याकाळपर्यंत सर्वत्र चिखल झाला. मुलगा म्हणाला, ‘आई, पुराचं पाणी छान जमलंय.’ माझे चुकले कुठे, आणि सुरुवात कशी करावी?
— निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर

उत्तर : मुलाचे बोलणे मनाला लावून घेऊ नका, गोदावरीच्या पुराचा नेमका रंग साधणे हेही येरागबाळ्याचे काम नाही. आपला कॅनव्हास चुकला नाही, ट्यूबाही चुकल्या नाहीत. चुकला तो रविवार. ओल्या रंगावर ओला रंग चढवला की त्याचा थर होत नाही, मिश्रण होते, आणि लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा अशा विरोधी जोड्या सुरीखाली घोटल्या गेल्या की शेवटी हाती राखाडी-तपकिरी चिखलच लागतो.

जलरंगाचा आपला अनुभव येथे आडवाही येईल आणि उपयोगीही पडेल. आडवा यासाठी की त्या माध्यमात चित्र एका बैठकीत पुरे करण्याची घाई हाताला लागलेली असते, कारण वाळलेला रंग पुन्हा पाणी लागताच हलतो. ॲक्रिलिकचे तसे नाही. या रंगात रंगद्रव्याबरोबर पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचा अखंड पापुद्रा बनतो आणि तो पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणजे एकदा वाळलेला थर पक्का झाला. त्यावर दुसरा रंग ओता, पुसून काढा, पुन्हा ओता, खालचा जागचा हलणार नाही. तैलरंगात ज्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते, ते येथे पातळ हाताच्या बाबतीत अर्ध्या तासात होते. या माध्यमाचे सारे बळ ह्या एका गुणात आहे, आणि त्या रविवारी आपण नेमका तोच वापरला नाही.

उपयोगी काय पडेल, ते सांगण्यापूर्वी एक काम सांगतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात रंग हातात घेऊ देत नाही. जुन्या नाशकातल्या बोळांतून फिरून एखाद्या पडक्या वाड्याची भिंत पाहून या, असे सांगतो. सगळी भिंत पाहायची नाही, वीतभर जागाच पाहायची. अशाच एका भिंतीचा तुकडा माझ्या वहीत टिपून ठेवलेला आहे : सर्वांत खाली भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचे इतके हात की कडेला पापुद्रे मोजता यावेत, त्यावर नीळ घातलेली सफेदी, तिच्यावर कधीतरी कोणीतरी हौसेने दिलेला पोपटी डिस्टेंपर, आणि मधोमध उपटलेल्या खिळ्याच्या भोकातून खाली उतरलेला गंजाचा ओघळ. निळा रंग दिसतो तो पोपटी पडला म्हणून, आणि माती दिसते ती चुना सुटला म्हणून. वरचे जिथे गेले तिथेच खालचे दिसते. पोत ही वरून थापायची वस्तू आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. ही भिंत पाहिली की तो निघून जातो.

आता आपल्या उपयोगी सवयीकडे येतो. जलरंगात आपण कागदाचा पांढरा ‘राखतो’. पाण्यावरची चमक, मंदिराच्या कळसावरचे ऊन हे रंगाने काढत नाही, आजूबाजूला रंग लावून सोडून देतो. थरांच्या चित्रात हेच करायचे आहे, फरक इतकाच की येथे एक पांढरा राखून भागत नाही, प्रत्येक थराचा काही भाग राखावा लागतो. मी स्वतःपुरता एक दंडक घातला आहे : लावलेल्या प्रत्येक थराची किमान तळहाताएवढी जागा शेवटपर्यंत उघडी राहिली पाहिजे. जो थर पूर्ण झाकला गेला, तो लावलाच नसता तरी चालले असते.

प्रत्यक्ष कामाला असे लागा. कॅनव्हासला आधी जेसोचे, म्हणजे अस्तराच्या पांढऱ्या रंगाचे, दोन हात द्या, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. विकतच्या कॅनव्हासला अस्तर असते, तरीही द्या, कारण वरच्या पेस्टला धरायला जरा खरखरीत पृष्ठभाग लागतो. दुसऱ्या हातात थोडा बर्न्ट सिएना मिसळून तो गेरूसारखा करा. पांढऱ्या जमिनीवर सुरुवात केली की भीती वाटते आणि भीतीपोटी माणूस सगळे झाकत सुटतो. त्यानंतर मॉडेलिंग पेस्ट, म्हणजे पोत उठवण्याची जाड पेस्ट, घ्या, आणि ती चित्राच्या साधारण एक तृतीयांश भागातच लावा. पेस्ट दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. ओली असतानाच तिच्यावर ठसे उमटवा. त्यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही : कांद्याची जाळीदार गोणी दाबून उचलली की तिरकस चौकटींची जाळी उमटते, द्राक्षांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला की आतल्या नळ्यांचे समांतर पट्टे मिळतात, जुनी फणी आणि मुदत संपलेले एटीएम कार्ड ही तर उत्तम हत्यारे आहेत. मात्र यांतले एक, फार तर दोनच घ्या. सगळी हत्यारे एका चित्रात आली की तो हत्यारांचा तक्ता होतो. पेस्ट रात्रभर, शक्य तर पूर्ण दिवस वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी रंग. बारा ट्यूबांपैकी नऊ कपाटात ठेवा. समजा आपण पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, थॅलो निळा आणि पांढरा एवढेच ठेवले. ऑकरमध्ये पांढरा मिसळून घट्टसर रंग करा आणि सुरी जवळजवळ आडवी धरून, दाब न देता, पेस्टवरून ओढा. रंग उंचवट्यांवर बसेल, खाचांत गेरूची जमीन राखली जाईल. वाळू द्या. आता वाटीभर ग्लेझिंग मिडियममध्ये, म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या पारदर्शक ॲक्रिलिक द्रवात, सुपारीएवढाच निळा मिसळा आणि हा पातळ हात अर्ध्या चित्रावर फिरवा. तीन-चार मिनिटांत ओलसर सुती फडक्याने पुसायला लागा. जुने धोतर किंवा विरलेली सुती साडी यासाठी सर्वांत चांगली, तिचे धागे सुटत नाहीत. उंचवट्यांवरचा निळा फडक्याला येईल, खाचांतला तिथेच राहील, आणि काल जी जाळी नुसती हाताला लागत होती ती आज डोळ्याला दिसू लागेल. हा क्षण इतका गमतीचा असतो, की पुढची चार चित्रे माणूस केवळ एवढ्यासाठीच काढतो.

ग्लेझसाठी, म्हणजे अशा पातळ पारदर्शक हातासाठी, रंग निवडताना ट्यूबवरचा छोटा चौकोन पाहा. तो रिकामा असेल तर रंग पारदर्शक, अर्धा भरलेला असेल तर निमपारदर्शक आणि पूर्ण भरलेला असेल तर झाकणारा. थॅलो निळा आणि क्विनाक्रिडोन जातीचे लाल-किरमिजी रंग पारदर्शक आहेत. टायटॅनियम पांढरा आणि कॅडमियमचे रंग झाकतात. पांढरा ग्लेझमध्ये घातला की धुके येते. ते हवे असेल तर जरूर घाला, पण नकळत घालू नका. आणखी एक गोष्ट जलरंगवाल्यांना चकवते : जलरंग वाळल्यावर फिकट होतो, ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, कारण ओलेपणी दुधाळ दिसणारे मिडियम वाळून स्वच्छ पारदर्शक बनते. त्यामुळे रंग हवा त्याहून किंचित फिका मिसळावा.

त्यानंतर जिथे फार झाकले गेले असेल तिथे २२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, म्हणजे वरचे थर उंचवट्यांवरून झिजून खालचा गेरू पुन्हा डोकावेल. घासताना पेपर ओलाच ठेवा. सुके घासल्यास उडणारी धूळ फुप्फुसांना चांगली नाही. मग पुन्हा ग्लेझ, पुन्हा पुसणे. रोज अर्धा-पाऊण तास याप्रमाणे हे काम आठ-दहा दिवस चालेल. आणि तो चिखल झालेला कॅनव्हास टाकू नका. त्याच्यावर जेसोचा एक हात, कोपऱ्यातला थोडा पूर राखून, मारला की आपल्याला आयती जमीन मिळाली.

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात काम करतो आणि सुटीच्या दिवशी चित्रे काढतो. मॉडेलिंग पेस्ट महाग पडते म्हणून घराच्या रंगकामातून उरलेली लांबी (पुट्टी) कॅनव्हासवर लावली. पंधरा दिवसांत तडे गेले आणि कॅनव्हास उचलताना ढलपे पडले. तडे दिसायला खरे तर सुंदर होते. लांबी टिकवण्याचा काही उपाय आहे का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : लांबी भिंतीसाठी असते आणि भिंत हलत नाही. कॅनव्हास मात्र सतत हलतो. पावसाळ्यात दमट हवेने त्याचा ताण बदलतो, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पुन्हा बदलतो, आणि कोणी बोटाने मागून दाबले तरी ढोलासारखा वाकतो. लांबीत पांढरे सिमेंट असते, ते कडक होते, वाकत नाही. म्हणून ते फुटते. प्लास्टर ऑफ पॅरिसची गतही तीच. शिवाय सिमेंट क्षारयुक्त असल्याने काही रंगद्रव्ये त्यावर टिकत नाहीत. तेव्हा कॅनव्हासवर लांबी टिकवण्याचा उपाय शोधण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वस्तातला मार्ग मात्र आहे. मॉडेलिंग पेस्ट म्हणजे मुळात संगमरवराची भुकटी आणि ॲक्रिलिक मिडियम. ही भुकटी फरशीवाल्यांकडे किलोच्या भावाने मिळते. सरावापुरती तर घरची पांढरी रांगोळीही चालते, कारण तीही दगडाचीच भुकटी आहे. फक्त मलमलीच्या कापडातून चाळून घ्या आणि रंगीत रांगोळीच्या वाटेला जाऊ नका, तिचा रंग पाण्यात उतरतो. एक वाटी घट्ट मिडियममध्ये साधारण वाटीभर, फार तर दीड वाटी भुकटी, थोडी थोडी टाकत, पिठले हाटतो तशी घोटावी. एकदम ओतली की गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. भुकटी जास्त झाली तर पेस्ट खडूसारखी भुसभुशीत होते. बोटाच्या नखाने खरवडून पाहावे. वाळलेल्या पेस्टमधून पूड निघाली तर मिडियम कमी पडले असे समजावे. मिडियमऐवजी सुतारकामाचा पांढरा गोंद अनेक जण वापरतात. सरावाला हरकत नाही. पण तो वाळल्यावरही पाण्याने नरम पडू शकतो, आणि त्यावर आपण तर पुढे ओले ग्लेझ देणार आहोत.

वाळू वापरायची असल्यास बांधकामाच्या वाळूतली मूठभर पुरते, डंपर लागत नाही. ती चाळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत पाच-सहा वेळा धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावी, कारण तिच्यातला गाळ आणि कचरा राहिला तर पकड सुटते. काळ्या दगडाची बारीक भुकटी मला स्वतःला अधिक आवडते. आपला काळाराम ज्या दगडात उभा आहे त्याच जातीच्या दगडाचा तो करडा-काळा रंग ट्यूबमधल्या काळ्या रंगात कधीच येत नाही.

आता तड्यांविषयी. ते आपल्याला आवडले ही गोष्ट सोडून देऊ नका. कॅनव्हासऐवजी प्लायवुड किंवा एमडीएफ घ्या, मागूनपुढून ॲक्रिलिक मिडियमचे दोन हात देऊन ते बंद करा, नाहीतर लाकडातला पिवळट डाग महिन्याभरात वर येतो. त्यावर पेस्टचा चार-पाच मिलिमीटरचा थर देऊन पंख्याखाली ठेवा. वरची साय आधी वाळते, आतली पेस्ट नंतर आकसते आणि बारीक तडे पडतात. तडे नको असतील तेव्हा नेमके उलट करायचे, म्हणजे थर पातळ ठेवायचा आणि प्लास्टिकचा कागद सैलसर झाकून सावकाश वाळवायचा. पडलेल्या तड्यांत पातळ मिडियम ओतून ते जागीच पक्के करा आणि मग त्यांत गडद ग्लेझ भरून वरून पुसा. फळी कडक असल्यामुळे ढलपे पडणार नाहीत. दोन फूट बाय तीन फुटांची अशी फळी बऱ्यापैकी जड होते, एवढे लक्षात असू द्या.

प्रश्न : गायतोंडे रोलर वापरत आणि रंग लावून पुन्हा उचलत, असे वाचले. ॲक्रिलिकमध्ये तसे करून पाहिले तर रोलर फिरवेपर्यंत रंग वाळून जातो. आमची काय चूक होते?
— कला शाखेची विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : चूक आपली नाही, माध्यम निराळे आहे. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचा जन्म नागपूरचा, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडले आणि पुढे दिल्लीत राहिले. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (कोणत्याही वस्तूचे चित्रण नसलेली) म्हणणे त्यांना पसंत होते. त्यांची परिपक्व काळातली चित्रे तैलरंगातली आहेत. रोलरने आणि सुरीने रंग लावायचा, फाडलेल्या कागदाचे तुकडे दाबून तो उचलायचा, पुन्हा लावायचा, अशा क्रमातून त्यांच्या चित्रातला तो आतून आल्यासारखा उजेड तयार होई. तैलरंग दिवसचे दिवस ओला राहतो, म्हणून हा उचलण्याचा भाग सावकाश, विचार करत करता येतो. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे पुरी करत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा आपल्याकडेही अनेकांनी त्यांच्याकडे नव्याने पाहिले.

ॲक्रिलिकमध्ये आपल्याजवळ उन्हाळ्यात पाच मिनिटे, पावसाळ्यात फार तर पंधरा मिनिटे असतात. रिटार्डर नावाचे द्रव्य मिसळून ही वेळ वाढवता येते. परंतु ते डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त झाले तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. फवारणीच्या बाटलीने अधूनमधून पाण्याचा तुषार मारणे हा साधा उपाय आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे मोठे चित्र एकदम न करता वहीच्या पानाएवढे तुकडे घेणे : रोलर फिरवला, लगेच वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद दाबला, उचलला, आणि पुढच्या तुकड्याकडे गेलो. रोलर फोमचा नको, तो बुडबुडे सोडतो. कडक रबराचा, छापकामाचा घ्यावा.

आणखी एक युक्ती ॲक्रिलिकचीच आहे, ती तैलरंगवाल्यांना नाही. वाळलेला ॲक्रिलिक पाण्याने विरघळत नाही, पण औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने नरम पडतो. थर वाळल्यावर तास-दोन तासांनी फडक्याला थोडे अल्कोहोल लावून चोळले तर वरचा हात निघून खालचा दिसू लागतो, आणि कडा खरवडल्यासारखी टोकदार न राहता मऊ राहते. गायतोंडे यांच्या चित्राजवळ नेणारी वाट शोधत असाल तर मला ही वाट रोलरपेक्षा जवळची वाटते. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, जवळ उदबत्ती किंवा गॅस पेटता नको. खाली किमान दोन थर पूर्ण पक्के म्हणजे आठवडाभर जुने असू द्या, नाहीतर चोळता चोळता थेट जेसो लागेल. माझा तसा लागला होता, आणि तो भोकासारखा पांढरा ठिपका लपवण्यात पंधरा दिवस गेले.

प्रश्न : रंगाचे ब्रश मोरीत धुतल्याने पाइप तुंबला असे प्लंबरचे म्हणणे आहे. ते खरे असेल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : असू शकेल, पाइपातही तो पापुद्रा तसाच धरतो. ब्रश आणि सुरी आधी रद्दी कागदाने कोरडी पुसा, मग एका जुन्या बादलीत धुवा, आणि ते पाणी गच्चीवर उन्हात उडून जाऊ द्या. तळाशी राहिलेली रंगाची साल सुक्या कचऱ्यात टाकावी. नाल्यात ओतू नये; आपल्याकडचा नाला कुठे जातो हे आपल्याला पंचवटीत राहून मी सांगायला नको.

प्रश्न : जानेवारीत पहाटे उठून काम करायची सवय आहे. यंदा ग्लेझ वाळल्यावर पांढुरके, पिठूळ झाले आणि बोटाने पुसले जाऊ लागले. तोच डबा, तेच रंग दिवाळीत व्यवस्थित होते. शिवाय उन्हाळ्यात दोन चित्रे समोरासमोर ठेवली होती, ती एकमेकांना चिकटली. दोन्हींचा काही संबंध आहे का?
— द्राक्ष बागाईतदार, निफाड तालुका

उत्तर : संबंध आहे, आणि तो निफाडच्या हवेशी आहे. मी वर लिहिले तसे पाणी उडाल्यावर प्लास्टिकचे कण एकमेकांत मिसळून पापुद्रा बनतो. परंतु त्यासाठी कण जरा मऊ असावे लागतात. तापमान साधारण १० अंशांच्या खाली गेले की ते पुरेसे मऊ राहत नाहीत, पाणी उडते पण कण नुसते शेजारी शेजारी पडून राहतात, आणि थर पिठूळ होतो. आपल्या भागात थंडीत पारा १० अंशांच्या बराच खाली उतरतो. ज्या पहाटे आपण द्राक्षघडांच्या काळजीने बागेत शेकोट्या पेटवता, त्या पहाटे चित्राचे काम न केलेलेच बरे. ऊन वर आल्यावर, खोली उबदार झाल्यावर करावे. पिठूळ झालेला थर नंतर शेकून सुधारत नाही. ओल्या फडक्याने जितका निघेल तितका काढून टाका.

उन्हाळ्यात याच्या उलट होते. हेच प्लास्टिक ४० अंशांच्या आसपास नरम आणि चिकट बनते, आणि दोन रंगवलेले पृष्ठभाग दाबून ठेवले तर एकमेकांना धरतात. चिकटलेली चित्रे ओढून सोडवू नका. दोन्ही एकत्रच घरातल्या सर्वांत गार खोलीत रात्रभर ठेवा, आणि सकाळी एका कडेने, जाड दोरा दोन्ही हातांनी करवतीसारखा हळूहळू सरकवत वेगळी करा. थोडे नुकसान होईलच. जे सुटेल तेही थरात मोडते, त्यावर पुढचे काम करता येते. यापुढे चित्रे पाठीला पाठ लावून उभी ठेवा, आणि मध्ये वर्तमानपत्र किंवा फुग्यांचे प्लास्टिक न घालता बेकरीत वापरतात तो सिलिकॉन लावलेला कागद घाला.

प्रश्न : चित्र पुरे झाले, त्यावर वार्निश लगेच मारावे का? आणि ते भिंतीवर लावल्यापासून पोत पूर्वीसारखा दिसत नाही. स्टुडिओत खूप उठून दिसत होता.
— एक दांपत्य, देवळाली कॅम्प

उत्तर : वार्निशला घाई नको. पातळ थरांच्या चित्राला दोन आठवडे, जाड पेस्ट असेल तर महिना-दीड महिना द्या, कारण वरून कोरडा वाटणारा जाड थर आत ओला असतो. आधी चकचकीत मिडियम थोडे पाणी घालून त्याचा एक हात द्यावा आणि तो वाळल्यावर काढता येणारे वार्निश लावावे. पुढे कधी ते मळले तर वार्निश निघते, खालच्या हातामुळे रंगाला धक्का लागत नाही. जून ते सप्टेंबर हे काम टाळा. दमट हवेत वार्निश धुरकट होण्याचा धोका असतो.

भिंतीविषयी आपण जे लिहिले त्यावरून मला वाटते, की चित्र खिडकीच्या बरोबर समोर किंवा थेट दिव्याखाली लागले आहे. समोरून पडणारा उजेड सगळ्या खाचा भरून टाकतो. त्र्यंबकला जाताना दुपारी बारा वाजता ब्रह्मगिरीचा कडा पाहिला तर तो एक सपाट करडी भिंत वाटतो. तोच कडा सकाळी किंवा उन्हे कलल्यावर पाहिला की कोट्यवधी वर्षांपूर्वी एकावर एक वाहून थिजलेल्या लाव्हाचे आडवे थर, त्यांच्या मधल्या गवताच्या पट्ट्या, सगळे मोजता येते. आपल्या चित्राला तो तिरपा उजेड द्यायला हवा, म्हणजे खिडकी ज्या भिंतीला काटकोनात आहे त्या भिंतीवर, खिडकीपासून चार-पाच फुटांवर ते लावावे. थेट ऊन मात्र त्यावर पडता कामा नये. खिळा ठोकण्यापूर्वी रात्री दिवे मालवून एकाने चित्र भिंतीला धरावे आणि दुसऱ्याने बॅटरीचा झोत एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून टाकावा. दोन्ही बाजूंनी चित्र निराळे दिसेल, आणि जी बाजू दोघांनाही पटेल त्या बाजूची भिंत निवडावी.